तापात घरचं माणूस बरळायला लागलं तर आधी काय बघायचं आणि मग काय करायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या अण्णांना ताप आला, तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते आईला म्हणले, "त्या कोपऱ्यातल्या वासराला पाणी दावलं का?" कोपऱ्यात वॉशिंग मशीन होतं. पोरं हसली, मी पण हसलो खरं सांगायचं तर, आई नाही हसली. ती म्हणली, "काय तर येगळंच बोलूलालेत, वात झालाय का बघ." शेजारच्या काकूंनी उतारा टाकायला सांगितला. मी शिकलेला शहाणा, मी म्हणलं वय 74 आहे, ताप आहे, झोपू द्या सकाळी ठीक होतील. सकाळी हलवलं तर उठेचनात, अंग घामानं भिजलेलं, मशीनवर शुगर बघितली तर 48. दोन दिवस त्यांनी धड भाकरी खाल्ली नव्हती आणि शुगरची गोळी मात्र मी स्वतःच्या हातानं बरोबर टायमावर देत होतो, वरून लोकांना सांगत पण होतो की आमच्याकडं औषधाचा टाइम कधी चुकत नाही.

तर ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहायलोय. तापात बरळणं म्हणजे वय नाही, भानामती नाही, नाटक तर नाहीच नाही. मेंदूला काहीतरी कमी पडलंय याचा तो अलार्म आहे आणि अलार्म वाजला की काय कमी पडलंय ते शोधायचं असतं. आई म्हणली तो "वात" म्हणजेच डॉक्टर लोकांचा डिलिरियम, जुन्या लोकांना ओळखता येत होतं, आपणच विसरलो.

आधी थोडं आतलं समजून घ्या म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के पण खर्च 20 टक्के, आपण नुसतं पडून असलो तरी. हिशोब केला तर साधारण 20 वॅट, म्हणजे घरातली एक एलईडी ट्यूब रात्रंदिवस चालू असल्यासारखं. दिवसाला 100 ते 120 ग्रॅम साखर एकटा मेंदू खातो आणि गंमत म्हणजे स्वतःकडं साठा जवळपास शून्य. लिव्हरमधे साठा असतो पण तो पण एखाद दिवसाच्या उपाशीपोटात संपत येतो. ऑक्सिजनचं तर विचारूच नका, मेंदूचं रक्त थांबलं तर दहा-एक सेकंदात शुद्ध जाते. म्हणजे हा गडी रोजंदारीवर जगणारा आहे, घरात कणगी भरलेली नाही.

आता ताप आला की शरीराचा एकूण खर्च वाढतो. एक डिग्री सेल्सिअसला साधारण 10 ते 12 टक्के, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर 98.6 चा 102.2 झाला तर दोन डिग्री झाले आणि खर्च वीस-पंचवीस टक्क्यांनी वर गेला, तेही अशा वेळी जेव्हा माणूस दोन घास पण खात नाही. हे ज्याला शेतात मोटार आहे त्याला एका वाक्यात कळतं. थ्री फेज जाऊन सिंगल फेज आली की घरातला बल्ब लागतो, टीव्ही चालतो, पण विहिरीवरची मोटार नुसती घूं घूं करते, पाणी उचलत नाही. तापातला मेंदू तसाच असतो. बल्ब लागलेला दिसतो, डोळे उघडे, हूं हूं करतात, पण लक्ष ठेवणं, आठवणं, हिशोब करणं ही जड कामं उचलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लाईट तर आहे.

आणि सगळंच काही बिघाड नसतो बरं का. आजारी बैल बघा, कोपऱ्यात मान घालून उभा राहतो, कडब्याला तोंड लावत नाही, रवंथ बंद. अमेरिकेतल्या बेंजामिन हार्ट नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनी 1988 मधे हेच मांडलं की असं गप राहणं ही जनावराची कमजोरी नाही, जंतूशी लढायला ताकद वाचवायची ती पद्धत आहे. लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, त्यांचा निरोप रक्तातून आणि वेगस नावाच्या नसेतून मेंदूपर्यंत जातो आणि मेंदू हुकूम काढतो, पडून राहा, खाऊ नको, कुणाशी बोलू नको. तरण्याताठ्या माणसाला तापात कंटाळा येतो, चिडचिड होते, वाचलेलं डोक्यात जात नाही ते यामुळं, ते ठीक आहे, झोपा. पण म्हाताऱ्या मेंदूत राखीव कमी असतं, आधीच विसरभोळेपणा असला तर अजून कमी, मग तेच निरोप जास्त पडतात आणि गाडी रुळावरून उतरते. 1959 मधेच एंगेल आणि रोमानो या दोन अमेरिकन डॉक्टरांनी सांगितलं होतं की किडनी फेल होते, हार्ट फेल होतं, तसंच डिलिरियम म्हणजे मेंदू कामाला अपुरा पडणं. अशा वेळी ईईजीत, म्हणजे मेंदूतली वीज मोजणाऱ्या तपासणीत, मेंदूच्या लाटा मंदावलेल्या दिसतात आणि मूळ कारण दुरुस्त झालं की परत वेग घेतात. अलीकडं पेट स्कॅनमधे, म्हणजे मेंदू किती साखर वापरतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनमधे पण दिसलंय, डिलिरियम असताना मेंदू साखर कमी वापरतो, बरं झाल्यावर वापर वाढतो.

ओळखायचं कसं. सगळ्यात मोठी खूण म्हणजे अचानक. विसरभोळेपणा वर्ष-दोन वर्षं हळूहळू येतो, हे काल नव्हतं आणि आज आहे. दुसरी खूण, कमीजास्त होतं. सकाळी डॉक्टरसमोर शहाण्यासारखं बोलतील, तुम्हालाच खोटं पाडतील, आणि संध्याकाळ झाली की वाकळेचे दोरे उपसत बसतील, भिंतीवर मुंग्या दिसतील, वारलेला भाऊ दारात उभा दिसेल. तिसरी, लक्ष टिकत नाही. यासाठी घरच्या घरी करता येण्यासारखी टेस्ट म्हणजे वार उलटे म्हणायला लावा, रविवार, शनिवार, शुक्रवार असं. नाहीतर वीसपासून उलटं मोजायला लावा. शाळा न शिकलेल्या आजीला विचारा आपल्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो, आज कोणता वार, मग बाजाराला किती दिवस राहिले. उत्तर चुकलं यापेक्षा मधेच धागा सुटतो का ते बघा. चांगलं असताना पण ज्यांना हे जमत नव्हतं त्यांची तुलना त्यांच्या कालच्याशी करा, दुसऱ्याच्या आजीशी नको.

एक प्रकार मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटतो म्हणून मुद्दाम सांगायलोय. ओरडणारा, सलाईन उपसणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. गप पडून राहणारा कुणाला दिसत नाही. न बोलणं, घास तोंडात धरून बसणं, हाक मारली की डोळे उघडून परत मिटणं, आणि घरचे म्हणतात शांत झोपलेत, आराम करू द्या. म्हाताऱ्या माणसांत हाच गप प्रकार जास्त असतो आणि तो उशिरा सापडतो म्हणून जास्त महागात पडतो. आमचे अण्णा वासरू बघून बोलले तोपर्यंत निदान कळलं तरी, रात्री गप झाले तेव्हा मी उलट खूश झालो होतो.

बरं आता पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं. तोंड वाकडं झालंय का, एक हात पडतोय का, बोलणं जड झालंय का हे आधी बघा, तसं असेल तर तो लकवा धरा, पुढचं काही वाचत बसू नका, 108 लावा. मान ताठ आहे, झटका आला, पडून डोक्याला मार लागलाय, श्वास लागलाय, तरी तेच.

नसेल तर शुगर बघा. डायबिटीस असो नसो बघा, पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सगळ्यात आधी हेच. 70 च्या खाली म्हणजे कमी, 54 च्या खाली म्हणजे मेंदूला थेट चटका. मशीन नसेल आणि पेशंट शुगरची गोळी घेणारा असेल, घाम सुटलाय, हात थरथरताहेत, तर कमी आहे असंच धरून चाला. शुद्धीत आहेत, गिळता येतंय, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, नाही वाढली तर परत द्या, वाढली की काहीतरी खायला द्या. शुद्धीत नसतील तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, ना पाणी ना साखर ना चहा, श्वासनलिकेत जातं, कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा. आणि हे लक्षात ठेवा, ग्लिमेपिराईडसारख्या गोळीनं उतरलेली शुगर एकदा वर आली म्हणजे झालं असं नसतं, गोळी अंगात असेपर्यंत ती परत परत उतरू शकते, म्हणून दवाखान्यात न्यायचंच. अण्णा उठत नव्हते तरी हाकेला हूं करत होते, घोट गिळत होते म्हणून साखरेचं पाणी दिलं, वीस मिनिटांत उठून बसले, मला वाटलं जिंकलो, दवाखान्यात पोचेपर्यंत परत 60.

मग ताप मोजा. ऑक्सिजनचं मशीन कोरोनात घेतलेलं कपाटात पडून असेल ते सेल टाकून बघा, 94 च्या खाली दाखवत असेल तर डॉक्टरला फोन, 90 च्या आसपास किंवा खाली असेल तर फोन नको, थेट गाडी. बोट गार असलं की ते चुकीचं पण दाखवतं, हात चोळून गरम करून परत लावा. बीपी बघा. लघवी शेवटची कधी झाली, किती झाली, जळजळ आहे का, ओटीपोट फुगलंय का. तुंबलेल्या लघवीनं आणि चार दिवस साफ न झालेल्या पोटानं सुद्धा म्हातारं माणूस बरळतं, कुणाला खरं वाटत नाही. अण्णांच्या तापाचं मूळ लघवीचं इन्फेक्शनच निघालं, न्यूमोनिया असतो, डेंगू, मलेरिया, टायफॉईड असतो. आणि रोज पिणारा माणूस आजारपणामुळं दोन-तीन दिवस प्यायला नाही तर त्यानं पण थरथर आणि भास सुरू होतात, तो वेगळा आणि जिवावरचा प्रकार आहे, डॉक्टरला लाज न धरता सांगा, घरी लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, पत्र्याच्या घरात दुपारी आत बसवत नाही. उन्हातून आलेला किंवा पत्र्याखाली झोपलेला माणूस तापलेला आहे आणि असंबद्ध बोलतोय तर तो साधा ताप नाही, तो उष्माघात आहे, अंग 104 च्या वर जातं. यात पॅरासिटामोलचा उपयोग होत नाही कारण हा तापच वेगळा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, ओली चादर आणि वर पंखा, काखेत आणि मानेला बर्फ, आणि हे सगळं गाडी येईपर्यंत चालू ठेवायचं, गाडी आल्यावर सुरू करायचं नाही.

आता पोटात काय जायला पाहिजे. आमच्याकडं एक समज पक्का आहे की अशक्तपणा आला की "दोन सलाईन लावून या, ताकद येती". जरा हिशोब करू. अर्ध्या लिटरच्या साखरेच्या सलाईनमधे 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे, 100 कॅलरीच्या आत. मिठाच्या सलाईनमधे साडेचार ग्रॅम मीठ, कॅलरी शून्य. एका ज्वारीच्या भाकरीत त्या साखरेच्या बाटलीच्या दुप्पट तरी ताकद आहे. उलट्या होताहेत, गिळता येत नाही, शुद्ध नाही, बीपी पडलंय, तिथं सलाईन जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही. पण तोंडानं जात असताना हौसेनं लावलेली सलाईन म्हणजे महागाचं साखरपाणी, आणि हार्ट-किडनीच्या पेशंटला ते जास्तीचं पाणी छातीत पण भरू शकतं.

त्यापेक्षा दर तासा-दीड तासाला चार घोट, चार चमचे. भाताची पेज मीठ घालून, ज्वारीची आंबील, मुगाचं पातळ वरण, मऊ गुरगुट्या भात. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस, आणि पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण एक लिटरमधेच, ग्लासात थोडी थोडी टाकून नको, प्रमाण चुकलं तर फायदा राहत नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर आणि मीठ सोबतच लागतं कारण आतड्यात साखरेबरोबर सोडियम आत ओढलं जातं आणि त्याच्यामागं पाणी. नुसतं पाणी तांब्याच्या तांब्या पाजत बसलात आणि मीठ काहीच नाही, वरून बीपीची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू, तर रक्तातलं सोडियम उतरतं, नॉर्मल 135 ते 145 असतं, ते 120 च्या आसपास आलं की माणूस बरळतो, झटके पण येतात. म्हणून अशा पेशंटची सोडियमची टेस्ट झाली का ते विचारायला लाजू नका. शुगरवाल्यांना ओआरएस चालतं का तर जुलाबात चालतं, फक्त शुगर मधे मधे बघत राहा.

औषधाचा डबा उघडा आणि सगळं एका कागदावर लिहा, कुणी दिलं ते पण. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामीन असतं, म्हाताऱ्यांच्या मेंदूवर ते झापड आणतं, बऱ्याचदा बरळणं तिथूनच सुरू होतं. झोप लागत नाही म्हणून कुणाची तरी अल्प्राझोलाम दिलेली असते, ती पण तशीच, आणि रोज घेणाऱ्याची एकदम बंद केली तरी त्रास. सर्दीच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामोल आधीच असतं, वरून 650 मिलिग्रॅमची वेगळी देतो आपण, डबल होतं. चोवीस तासात 650 च्या चारपेक्षा जास्त नको, मधे सहा तास, अंगानं बारीक किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याला त्याहून कमी. डेंगूची शंका असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन मनानं द्यायची नाही, रक्तस्राव होतो. शुगरच्या गोळीचं, जिथं मी आपटलो, ते आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवा, "जेवण बंद झालं तर यातली कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही?" डॉक्टरकडून लिहून घ्या. इन्सुलिन आपल्या मनानं पूर्ण बंद करायचं नाही, तापात काही जणांची शुगर उपाशीपोटी पण वर जाते, म्हणून मशीनवर बघून फोनवर विचारायचं.

खोलीचं काय करायचं तर दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार. भिंतीवर घड्याळ आणि कॅलेंडर दिसेल असं. चष्मा, कानाचं मशीन, कवळी ही आजारपणात पहिल्यांदा काढून ठेवली जातात आणि मग आपण म्हणतो ऐकत नाहीत, ओळखत नाहीत, अहो दिसेल ऐकू येईल तेव्हा ओळखतील ना. एकच ओळखीचं माणूस जवळ ठेवा. भेटायला येणारे दहा जण, प्रत्येकजण कॉटजवळ वाकून "ओळखलं का मला?" करतो, हा छळ आहे, त्यांना बाहेर ओट्यावर चहा द्या आणि तिथूनच परत पाठवा. भास होत असेल तर वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. मी अण्णांना म्हणलं, "वासराचं मी बघतो, तुम्ही पडा अण्णा, आज बुधवार आहे, आपण घरी आहोत, मी हितंच आहे." तेवढ्यानं शांत व्हायचे. हात बांधायचे नाहीत, बांधलं की जास्त बिथरतात. आणि या काळात मोठ्याच्या घरून धाकट्याच्या घरी अशी पाळी बदलायची नाही, नव्या घरात संडास सापडत नाही आणि रात्री पडतात.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरकडं दोन मिनिटं असतात, तेव्हा "ताप आहे, अशक्तपणा आहे" असं सांगितलं तर तेवढंच लिहिलं जातं. असं सांगा: "परवापर्यंत स्वतः पेपर वाचत होते, बँकेत जात होते, काल संध्याकाळपासून अचानक असंबद्ध बोलायला लागलेत, मधेच बरे असतात." या एका वाक्यात डॉक्टरला निम्मं निदान मिळतं. नाहीतर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे पेशंट पहिल्यापासूनच असे आहेत. मला एका ठिकाणी तोंडावर ऐकायला मिळालं होतं, "या वयात असंच असतं," मी फोनमधला आठ दिवसांपूर्वीचा व्हिडिओ दाखवला ज्यात अण्णा सोयाबीनच्या भावावरून भांडत होते, मग कुठं नर्सबाई परत आत गेल्या.

लातूरला वगैरे नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी पोरं होस्टेलला असतात त्यांच्याबद्दल पण थोडंसं. टायफॉईड, डेंगूत पोरगं अभ्यास सुटतो म्हणून तापात पुस्तक घेऊन बसतं, तेव्हा वाचलेलं राहत नाही, टेस्ट पडते, मग रडतं. त्याला सांगा मोटार सिंगल फेजवर चालवू नको. ताप उतरल्यावर पण आठ-पंधरा दिवस डोकं जड राहू शकतं, पंचवीस मिनिटं वाचन आणि मग ब्रेक, सोपे विषय आधी, झोप पूर्ण. महिन्याभरानं पण तसंच असेल तर रक्त तपासा. आणि ताप असताना कुणी एकदम असंबद्ध बोललं, उजेड सहन होईना, मान दुखतेय, तर रूममेटनी सकाळची वाट बघू नये.

म्हाताऱ्या माणसाचा मेंदू परत यायला मात्र वेळ लागतो हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. इन्फेक्शन पाच दिवसात जातं, डोकं कधी दोन आठवड्यात, कधी दोन-तीन महिन्यात ताळ्यावर येतं, आणि काहींचं पूर्ण पहिल्यासारखं होत पण नाही. तोपर्यंत गाडीची किल्ली देऊ नका, पैशाचे व्यवहार एकट्यानं करू देऊ नका, आणि कृपा करून कुठल्याही कागदावर सही-अंगठा घेऊ नका, वाटणी, बक्षीसपत्र, बँकेचं, काहीच. ज्याला आज वार कोणता ते सांगता येत नाही त्याच्या अंगठ्याला काय अर्थ आहे, आणि हे मी उगाच लिहीत नाही, आजारपणातच कागद घेऊन येणारे पाहुणे प्रत्येक गावात असतात.

अण्णा सहाव्या दिवशी घरी आले, वार उलटे बरोबर म्हणायला लागले पण गुरुवारपाशी अजून अडकत होते. दहाव्या दिवशी रात्री दोनला उठून म्हणले, "ऊठ की, थ्री फेज आलीय, मोटार चालू कर." मला घाम फुटला, म्हणलं परत सुरू झालं, मशीन काढून शुगर बघितली तर 132, ताप नाही. शेजारच्या शेतावरच्या गड्याला फोन लावला तर तो म्हणला, "आलीय की दादा, पंधरा मिनिटं झाली, मी दारं धरायलोय."